जिने मला थांबवले तिच्या नावे

मी, खाली सही करणारी, निवृत्त शल्यचिकित्सक, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी त्यांना त्यांचा रक्तदाब विचारला. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर भाच्याला हवे होते. "मावशी, एकटीला एवढं घर कशाला?" असे तो भिंती न्याहाळत म्हणाला. जेवणाचे टेबल व खुर्च्या सोडून सगळे सामान त्याला द्यावे. मनाने तो वाईट नाही, फक्त घाईत असतो.

२. घर माझ्या विद्यार्थिनीला, म्हणजे आमच्या रुग्णालयाच्या सध्याच्या शल्यविभागप्रमुखांना, द्यावे. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. शिकायला आली तेव्हा तिचा हात उत्तम होता, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. दर गुरुवारी मी शिकाऊ डॉक्टरांना घरी या जेवणाच्या टेबलाभोवती बसवत असे. टाके घालायला कोणीही शिकवेल. वरिष्ठाची चूक त्याच्या तोंडावर कशी सांगायची, घाबरलेल्या परिचारिकेला बोलते कसे करायचे, हे इथे चाले. बैठक चालवायला मी मुद्दाम चिमणीला लावी. ती रडायची आणि पुढच्या गुरुवारी परत यायची.

मग एका शस्त्रक्रियेत माझा हात थरथरला. मला कळले नाही, तिला दिसले.

"मॅडम, थांबा."

"काय झालं?"

"तुमचा हात. पुढचं मी करते."

मी हातातला चिमटा खाली ठेवला आणि बाजूला झाले. तो रुग्ण बसचालक होता; आजही बस चालवतो. त्यानंतर मी राजीनामा दिला व माझ्या जागी तिचे नाव सुचवले.

लोकांना वाटते, मी तिच्यावर रुसले. तसे नाही. पण भेटायला आली की ती माझ्या हातांकडे बघायचे टाळी, आणि मला हातातला कप लपवावासा वाटे. हळूहळू तिचे येणे थांबले. बाकीचे केव्हाच पांगले होते. कोणी कुठे अधिष्ठाता, कोणी कुठे संचालक. माणसे तयार केली की ती आपल्यापाशी राहत नाहीत, हे मला आधीच ठाऊक होते. ठाऊक असून संध्याकाळ मात्र जाता जात नाही.

३. अट एकच. गुरुवारची बैठक या घरात पुन्हा सुरू करावी, आणि पहिले बोलणे सर्वांत गप्प बसणाऱ्याचे असावे. जमत नसेल तर घर विकावे. बंद ठेवू नये.

४. "एवढ्याशा मुलीला विभाग झेपेल का?" असे भर बैठकीत विचारणाऱ्या रुग्णालयाच्या माजी संचालकांना माझा चष्मा द्यावा.

५. देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. निरोपाची भाषणे नकोत.

अंमलबजावणी माझे वकील करतील.

स्थळ: राहते घर. दिनांक: ११ नोव्हेंबर.
(सही) लिहून देणार

साक्षीदार: ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्ष देऊ नये, असे वकील म्हणाले. त्यांना वगळल्यावर हाक मारावी असे कोणी उरले नाही, म्हणून शेजारची दोन दारे वाजवली.

१. (सही) वरच्या मजल्यावरचे शिंपी. या घरात प्रथमच आले.
२. (सही) समोरच्या शिक्षिका. सही झाल्यावर चहाला थांबल्या.