तीन नंबरची झडप

९ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर गेले. बाबांना जाऊन नऊ दिवस. इतिहास मंडळाच्या पायरीवर शिपाईमामा उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

टेबलावर ढीग. वाचनकक्षाचे अर्ज, दोन शाळांच्या भेटी, ‘घरचे जुने फोटो घेऊन या’ या उपक्रमाचं पत्रक. पत्रकात एक वाक्य आहे – ‘आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित राहतील.’ माझंच. तीनदा वाचलं, आणि मग एकदम सुचलं – बाबांचा आवाज इथेच आहे की! दोन वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या प्रदर्शनासाठी जुन्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. बाबा चौतीस वर्षं पंपघरात. मुलाखत मीच घेतली होती.

आज धीर झाला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऐकलं. पाण्याचा दाब, झडपा, गाळ. ‘पंप बोलतो. आपल्याला कान पाहिजेत.’ अगदी बाबा. मला हसू आलं आणि गाल ओले झाले.

मग सतराव्या मिनिटाला एक धक्का. ‘तो मे महिना होता...’ आणि लगेच, ‘तर, झडप तीन नंबरची.’ मधलं कापलेलं. नोंदपत्रक काढलं. ‘१७:४० ते २३:५५ – विषयांतर (कौटुंबिक). वगळावे.’ अक्षर माझं.

आई मे महिन्यात गेली.

हळूहळू सगळं आठवलं. शाळेची मुलं अर्धा तास आधीच येऊन दारात गोंगाट करत होती. मी यंत्र चालू ठेवून उठले – ‘बाबा, बोलत राहा, आलेच.’ सुरुवातीलाच त्यांना गमतीत बजावलं होतं, विषय सोडलात तर कापून टाकीन हं. नंतर काटछाट करताना त्या सहा मिनिटांतलं मी जेमतेम अर्धं मिनिट ऐकलं. ‘तुझी आई त्या दिवशी’ – तिथेच थांबवलं. घाई होती म्हणून? की ऐकायचंच नव्हतं म्हणून? माहीत नाही.

नाही, हे खोटं. थोडं माहीत आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

मूळ ध्वनिमुद्रण नाही. संगणक बघणारा बिचारा ओशाळला. म्हणाला, “ताई, वर्ष झालं की मूळ फायली पुसायच्या असा नियम आहे ना आपला.” नियमावली, कलम नऊ. मसुदा माझा. अध्यक्षांनी तेव्हा भर बैठकीत कौतुक केलं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. बाबांच्या कपड्यांचं काय करायचं. मग बोलता बोलता पुन्हा तेच – त्या शनिवारी मी तुला चारला फोन केला, बाबा सव्वासहाला गेले, तू सातला आलीस. मी म्हटलं, मंडळात व्याख्यान होतं. तो म्हणाला, “असेल. बाबांचीच मुलगी तू.”

टोमणा होता. लागला.

आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची. सकाळपासून ती हॉस्पिटलच्या त्या खोलीत दाराकडे बघत होती. दुपारी तीनला गेली. बाबा आले संध्याकाळी. ‘ड्यूटी होती. बदलीचा माणूस आला नाही.’ बस्स. त्यानंतर एकोणतीस वर्षं मी बाबांशी व्यवस्थित वागले. व्यवस्थित – हाच शब्द. गोळ्या, चष्म्याचा नंबर, तपासणीच्या तारखा. एकदाही कुशीत शिरले नाही. आणि ते बोलायला लागले, तेव्हा मी कापलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

व्याख्यान – जुने नकाशे. पहिल्या रांगेत एक आजोबा घोरत होते, त्यांची मुलगी त्यांना कोपराने ढोसत होती. मला बघवेना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टाइपबाई आल्या. सगळेच त्यांना तसं म्हणतात. कोर्टात लघुलेखक होत्या, निवृत्तीनंतर आमची ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करून देतात. माझं तोंड बघून दार लावून घेतलं. मी सांगितलं सगळं.

चष्मा पुसत म्हणाल्या, कापायच्या आधीचं मीच टाइप केलं होतं की. तू ओरडली नव्हतीस का माझ्यावर?

ओरडले होते! त्यांनी खोकलासुद्धा टाइप केला होता. मी स्वच्छ प्रत करून मागितली होती. भीत भीत विचारलं, पहिली प्रत टाकून दिलीत?

“टाकीन कशाला? कोर्टात विषयांतर नसतं गं. माणूस बोलला म्हणजे बोलला.”

घरी कपाटात आहे. उद्या आणतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

इथे जसंच्या तसं उतरवते. या वेळी काही वगळत नाही.

‘(दार लागल्याचा आवाज.) गेली वाटतं. बरं झालं. (खोकला.) हे तू कापशीलच. म्हणून सांगतो. तुझी आई त्या दिवशी – ड्यूटी होती असं मी तुम्हाला सांगितलं. नव्हती. बदलीचा माणूस बाराला आला. मी डबा घेतला, सायकल काढली, हॉस्पिटलच्या वळणापर्यंत गेलो. पुढे जाववेना. तिला तसं बघायचं म्हणजे... (शांतता.) परत फिरलो. बदलीवाला म्हणाला, अहो, घरी जा. मी म्हटलं, तीन नंबरची झडप गळते, बघतो. गळत नव्हती. ठणठणीत होती. (शांतता. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज.) संध्याकाळपर्यंत बघत बसलो. (शांतता, फार वेळ. मुलांचा आवाज. दार.) आलीस? तर, झडप तीन नंबरची.’

फार वेळ शांतता. मी दाराबाहेर मुलांना रांगेत उभं करत होते.

खरं तर राग यायला हवा. एकोणतीस वर्षं ज्याचा राग धरला, ते कारणही खरं नव्हतं. दिवसभर वाट पाहिली. नाही आला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाबा गेले त्या शनिवारचं व्याख्यान साडेचारला संपलं होतं. शिपाईमामा म्हणाले, ताई, तुम्ही निघा, खुर्च्या मी आवरतो. मी त्यांना घरी पाठवलं. ऐंशी खुर्च्या एकटीने आवरल्या.

मग पुन्हा मांडल्या.