पावण्याचं सोंग

गुरुवार, ता. २ मार्च १९३३

पोचलो एकदाचा! आंबा घाट उतरताना सर्व्हिस मोटारीत तिघांना ओकाऱ्या झाल्या. मी मात्र कमळेने बांधून दिलेला चिवडा शेवटच्या दाण्यापर्यंत संपवला. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की शेवटी दया येऊन मी त्यांच्याकडे पाठ करून खाल्ला.

निघताना कऱ्हाडात अर्ध्या गल्लीने मला रडवेल्या तोंडाने निरोप दिला. रत्नागिरीचा शिमगा म्हणजे चोरांची जत्रा, अंगातली बंडी काढून नेतात नि माणसाला पत्ता लागत नाही, असे जो तो सांगत होता. सासरे म्हणाले, तिकडे गेलेला एक सोनार परत आला तो बायकोलाही परका वाटायला लागला. मी म्हटले, त्यासाठी इतक्या लांब कशाला जायला हवे? सगळे हसले, कमळा हसली नाही. तिला नववा लागला आहे. आधीची दोन हाताला लागली नाहीत, म्हणून ती फार भिऊन आहे. माझ्या कोटाचे तुटके बटण लावताना काळा दोरा मिळेना, तेव्हा तिने लालच दोऱ्याने लावून दिले आणि बाळंतपणाआधी परत येण्याचे वचन घेतले. पाडव्याच्या आत येतो म्हणालो आहे. येणारच.

काम साधे आहे. इथल्या आत्माराम शिंप्यांनी आमच्या कोल्हापूरच्या पेढीकडून दोन शिवणयंत्रे मागवली, ती जोडायची आणि त्यांना चालवायला शिकवायचे. त्यांचे घर बाजाराच्या मागे आहे. घरात ते आणि त्यांची बायको येसूबाई, दोघेच. मला पडवीत बाज टाकून दिली आहे. बाईंनी पाय धुवायला ऊन पाणी दिले नि विचारले की पावण्यांचे वाटेत लई हाल झाले काय वो? मी म्हटले, माझे नाही, माझ्या शेजाऱ्यांचे झाले. दूर कुठेतरी ढोल वाजतो आहे. आपल्याला हे गाव आवडले.

शुक्रवार, ता. ३ मार्च

आत्मारामपंतांनी तीस वर्षे हातशिलाई केली, त्यामुळे त्यांचा पाय आणि हात एकमेकांचे ऐकत नाहीत. पाय पुढे मारायचा तर हात चाक मागे फिरवतो आणि दोऱ्याचा गुंता होतो. पण नजर काय जबर! दुपारी त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि छाती, बाही, खांदा, सगळी मापे सांगितली. मी टेप लावून पाहिली. सुताचाही फरक नाही.

संध्याकाळी दारातून माझ्या वहाणा गेल्या. मी आरडाओरडा सुरू केला तर पंतांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. शिमग्यात गावकरी होमासाठी फळ्या, बाजा, कुंपणाच्या काठ्या, मिळेल ते घेऊन जातात. तिला चोरी म्हणायचे नाही, उचल म्हणायचे. नि उचललेले परत मागायचे नाही. मागितले की राहिलेलेही जाते. वहाणा होमात कशा जळणार, असे मी विचारले. त्यावर पंत दोऱ्याचे रीळ शोधायला आत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

येसूबाईंनी पंतांच्या जुन्या वहाणा दिल्या. दोन बोटे मोठ्या होतात. चालतो, झाले.

रविवार, ता. ५ मार्च

आज माझा मोठाच मान झाला!

शेजारचा भिकाजी मला सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, देवळात घेऊन गेला. हा बोटीवर खलाशी आहे, शिमग्यापुरता रजेवर येतो, उंचीला माझ्याएवढा आणि बोलायला माझ्याहून वस्ताद. पालखी बाहेर काढायच्या आधी रावजी गुरवाने गाऱ्हाणे घातले. आमच्या देशावर असले काही नाही, म्हणून लिहून ठेवतो. गुरव देवापुढे उभा राहून एकेक मागणे मोठ्याने मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात होकार देतो. लेकराबाळांची राखण कर, व्हय म्हाराजा! दर्यात गेलेल्याला किनारा दाव, व्हय म्हाराजा! दोन-चार मागण्यांत मला सूर सापडला. भिकाजीच्याही वर माझा आवाज जाऊ लागला.

मग रावजी म्हणाला, “आलेला पावणा सुखरूप घरी पोचू दे म्हाराजा, आनि पावण्याला हितंच आमच्यात राखणीला ठेव.”

एकाच पावण्याचे दोन्ही कसे करायचे ते त्या देवालाच ठाऊक. पण गंमत अशी की या मागण्याला कुणीच बोलले नाही. चारपाचशे माणसे नुसती खाली बघत उभी. मला वाटले, उन्हात पेंगली बिचारी. पावणा म्हणजे तर मीच, माझ्यासाठी मागितलेले वाया का घालवा? मी एकट्याने छातीतून ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

सगळा जमाव माझ्याकडे वळला. म्हाताऱ्यांनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली. रावजीने स्वतः येऊन माझ्या हातात नारळ दिला. भिकाजीने पाठीत अशी थाप मारली की अजून दुखते. जावई म्हणून सासऱ्यांनीही इतके कौतुक केले नव्हते. कमळेला सगळे सविस्तर लिहिले आहे.

येसूबाईंना सांगितले तर त्या चुलीपुढून उठून परसात गेल्या. रात्री जेवायला नारळाची वडी होती, पण त्या घरात कुणी ती खाल्ली नाही, मलाच सगळी वाढली.

मंगळवार, ता. ७ मार्च

काल छत्री गेली, आज टोपी. मी परत मागायला जाणार होतो. पंतांनी हात जोडले म्हणून राहिलो.

दुपारी पालखी गल्लीत आली. पुढे ढोल-ताशे, मागे सोंगे. लुगडे नेसून नाचणारा गोमू, काळ्या कपड्यांतला संकासूर. आणि सगळ्यांच्या मागे, माझी टोपी घालून, माझ्या वहाणा घालून, माझी छत्री बगलेत मारून, मी! चेहऱ्यावर पांढऱ्या फडक्याचा मुखवटा, त्याला डोळे नाहीत की तोंड नाही. पण चाल हुबेहूब माझी. लहानपणी पडलो तेव्हापासून माझा डावा पाय किंचित घासतो, तोही बरोबर घासत होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही पोट धरून हसलो. भिकाजी, तुझे पाय धुवायला हवेत बाबा!

माझ्यासमोर येऊन सोंगाने चिमूट नाकाला लावली आणि ओळीने तीन वेळा शिंकले. तपकीर ओढल्यावर मला तीनच शिंका येतात. इथे आल्यापासून मी तपकीर ओढलेली नाही. डबी ट्रंकेच्या तळाशी होती.

आता पाहिली. नाही.

बुधवार, ता. ८ मार्च

आज पुन्हा सोंग निघाले. मुखवट्याला भुवया आल्या आहेत. अंगात कोटही होता, माझ्याच कापडाचा, माझ्याच मापाचा. यंत्रावर पंत दोन दिवस काय शिवत होते ते कळले. माझी थट्टा करायला एवढा खटाटोप, असे मनात म्हणत मी टाळ्या वाजवत होतो. इतक्यात सोंग जवळून गेले. कोटाचे दुसरे बटण लाल दोऱ्याचे.

मी माझ्या छातीला हात लावला. माझा कोट माझ्या अंगात होता. बटण जागेवर होते.

भिकाजीला विचारावे असा विचार करतो तो खांद्यावर हात पडला. भिकाजी माझ्या शेजारीच उभा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. मी विचारले, मग आत कोण आहे? तो हसला नाही. म्हणाला की ते पावण्याचं सोंग हाय, त्येला माणूस लागत नाय.

गुरुवार, ता. ९ मार्च

झोप लागली नाही. पंतांना सांगितले की दुसऱ्या यंत्राचे काम सोडून उद्याच निघतो. ते मापाची पट्टी बोटाला गुंडाळत राहिले.

येसूबाई बोलल्या. परसात, तोंड फिरवून. दर काही वर्षांनी देव राखणीला बाहेरचा माणूस मागतो. जबरदस्ती चालत नाही. माणसाने आपल्या तोंडाने होकार द्यायला लागतो. म्हणून त्या मागण्याला गावातले कुणी हूं की चूं करत नाही. आणि पावण्याच्या घरचे बोंब मारत येऊ नयेत म्हणून देव त्याच्याबदली त्याचं सोंग घरी पोचवतो. घरच्यांना काहीसुद्धा कळत नाय वो, म्हणून त्या रडू लागल्या. मी म्हटले, मला ठाऊक नव्हते, मी चुकून ओरडलो. त्या म्हणाल्या, समदेच चुकून वरडतात.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण कमळा भोळी आहे. दारात माझ्या कोटातले जे कोणी येईल, ती त्याच्या पाया पडेल.

शुक्रवार, ता. १० मार्च

मोटारीत जागा नाही म्हणाले. उद्याची मिळेल.

सोंगाला आज मिशी आहे. माझी. उजवीकडे किंचित कमी. आज ते बोलले. भर बाजारात, माझ्या आवाजात, चिवड्याचा तो किस्सा सांगितला. लोक हसले. मी तिथेच होतो, माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मग ते मोटारीच्या अड्ड्याकडे तोंड करून हळूच म्हणाले, “आलो ग कमळे.”

मी धावून गेलो. मुखवटा ओढला. तो निघाला नाही — हाताला ऊन कातडी लागली, दाढीचे खुंट लागले. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे आपण वाटेत आडव्या आलेल्या वेड्याकडे पाहतो. लोकांनी मलाच मागे ओढले.

शनिवार, ता. ११ मार्च

उजाडायच्या आत अड्ड्यावर गेलो. मोटार गेलेली. कारकून म्हणाला, कऱ्हाडचे मुकुंदराव बोत्रे पहिल्या मोटारीने गेले, मोठे गमती गृहस्थ. मी म्हटले, मुकुंदा बोत्रे मी. त्याने मान वर केली आणि माझ्या मागे पाहिले, जणू मधे मी नव्हतोच.

चौकीवर गेलो. हवालदार म्हणतो, बोत्रे निरोप घ्यायला आले होते, चिमूटभर तपकीर देऊन गेले. मी नाव लिहून दाखवले. त्याने कागद उलटसुलट केला. कोरा आहे म्हणाला.

कोरा नव्हता.

रविवार, ता. १२ मार्च

पहाटे होम पेटला. सगळे गाव सड्यावर, म्हणून तेवढ्यात निघालो. चालत. हातखंब्याच्या रस्त्याने. ऊन चढेपर्यंत चाललो. चढ चढून वर आलो तर देऊळ. परत फिरलो. दुसरी वाट. देऊळ. समुद्राकडून गेलो — देऊळ.

पायरीवर भाताचे पान मांडलेले. माणसे येतात, पानापुढे नारळ ठेवतात, माझ्या पायांपाशी डोके टेकतात. नजर वर करत नाहीत.

सोमवार, ता. १३ मार्च

येसूबाईला मी दिसतो. अजून. माझा कागद पुन्हा कोरा ठरेल, म्हणून मजकूर तिच्याकडून घोकून घेतला नि तिच्या तोंडी सासऱ्यांना तार पाठवली — जो आला आहे तो मी नव्हे, घरात घेऊ नका, मी रत्नागिरीत आहे, मुकुंदा.

तारबाबूला सांगायला तीच गेली. रडत गेली, पण गेली. देव तिचे भले करो.

मंगळवार

उत्तर आले. येसूबाईला वाचता येत नाही, तिने कागद पायरीवर ठेवला.

“मुकुंदराव सुखरूप पोचले. कमळा बाळंत, मुलगा. दोघे खुशाल. आपण कोण?”

मुलगा.

पुढे

येसूबाई आज आली ती देवळाकडे पाहून हात जोडून गेली. मी तिच्या अंगावर ओरडलो. तिने फक्त पदर सावरला, वारा आल्यासारखा.

हाताची बोटे — पेन्सिल धरली जाते, पण बोटे दिसत नाहीत. वही दिसते. वही अजून माझी आहे. कुणीतरी कऱ्हाडला न्या. वाचणाऱ्या, तुझ्या पाया पडतो. सोमवार पेठ, शिंपी आळी, माझ्या सासऱ्यांचे, माळवद्यांचे घर.

बारसे बारा दिवसांनी. म्हणजे पाडव्याच्या आधी. तो मांडीवर घेऊन बसेल. सगळे म्हणतील, बापावर गेला.

कमळे, ऐक. मुलगा माझा आहे. तुझा नि माझा. त्याला त्याच्या मांडीवर देऊ नको, तो हसेल, माझ्यासारखाच हसेल, किस्से सांगेल, तू भुलू नको. रात्री दिवा त्याच्या तोंडाजवळ धर आणि नीट बघ, त्याला —