दोन खुर्च्या आणि तुमचे दोन मिस्त्री

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणसं बोलवावी लागतील, कंबर पार कामातून गेली आहे. कारण पुढे येईलच.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? इकडे तुमची बहीण मजेत आहे. जरा जास्तच मजेत आहे, आणि त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

आमच्या नाट्यमंडळात अकरा वर्षं नायक मीच, हे तुम्ही जाणताच. यंदा दिग्दर्शकांना काय अवदसा आठवली कोण जाणे, नायकाचं काम त्यांनी तुमच्या घरच्या धाकट्या जावयांना, म्हणजे माझ्या साडूंना दिलं. का, तर म्हणे त्यांचे केस कुरळे आहेत. (माझेही होते. होते तेव्हा कोणी कौतुक केलं नाही.) मला दिला नायिकेचा बाप. बापाला वाक्यं नऊ, त्यातली चार नुसती 'हं'. पण एक जागा होती, दादा! दुसऱ्या अंकात बाप रागानं खुर्चीत बसतो आणि खुर्ची मोडते. त्यासाठी मुद्दाम एक पाय कच्चा ठेवलेली खुर्ची करून घेतली होती. तालमीत मी असा काही पडायचो की प्रॉम्प्टरच्या हातून वही सुटायची. तुमच्या बहिणीला महिनाभर बजावत होतो, तिसऱ्या रांगेत बस आणि दुसऱ्या अंकात माझ्यावर नजर ठेव. अकरा वर्षं प्रत्येक नाटकानंतर ती 'बरं झालं' एवढंच म्हणते, तेही चपला शोधता शोधता. यंदा तिला पोट धरून हसवायचं, बस, एवढंच माझ्या मनात होतं.

अशात रंगमंचाची एक फळी उखडली आणि तुमच्या वखारीतले दोन मिस्त्री तुम्ही मोठ्या मनानं पाठवलेत, एक चष्मेवाला, एक ढेरपोट्या. दोघंही कामाला वाघ, पण मोडकं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. फळी ठोकून झाल्यावर त्यांना माझी खुर्ची दिसली. झालं! कोणाला न विचारता त्यांनी कच्चा पाय काढून पक्का बसवला, वर चार लोखंडी पट्ट्या मारल्या.

प्रयोगाला मी रागानं बसलो. खुर्ची ढिम्म. उठून पुन्हा आदळलो. ढिम्म. एक 'हं' जास्तीचं म्हटलं आणि तिसऱ्यांदा अंग टाकलं, तेव्हा मोडलं ते माझं कंबरडं. आणि नेमके तेव्हाच पलीकडे साडू प्रेमाचं भाषण करता करता आपल्या धडधाकट खुर्चीत टेकले आणि ती धाडकन बसली! पाय वर, कुरळे केस खाली.

पडले ते पडले, पण विंगेतून तुमचे मिस्त्री धावत आले हो, भर प्रयोगात! ढेरपोट्यानं साडूंना बखोटीला धरून उभं केलं. चष्मेवाल्यानं तोंडात खिळे धरून ठोकाठोक सुरू केली आणि लाकूड कमी पडलं म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीचा टेकूच काढून घेतला. भिंत सावकाश पुढे आली. ती ढेरपोट्यानं पाठीवर झेलली आणि साडूंना म्हणाला, "साहेब, बोलणं उरका, वजन फार आहे." तर साडू (काय हा आगाऊपणा!) म्हणतात, "मिस्त्री, भिंत पडली तरी चालेल, आधी हिच्या बापाला उठवा!" लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. मला खरंच उठता येत नव्हतं. पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी साडूंना मिठी मारली, मला मलम दिलं.

आणि तिसऱ्या रांगेत तुमची बहीण! शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होती, रुमाल ओला झाला तरी हसत होती. दादा, त्या वेळी पोटात जी आग पडली ती अजून विझलेली नाही. अजूनही भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून हसते. त्या माणसात असं आहे तरी काय? केस सोडून सांगा.

तुमच्या घरचा थोरला (अजून तरी) जावई

ता. क. पुढच्या सगळ्या प्रयोगांना ते दोघं मिस्त्री हवेत, असं साडू तुम्हाला लिहिणार आहेत. कृपा करून वखारीत फार काम आहे असं कळवा. नाहीतर मिस्त्र्यांना माझ्यापेक्षा जास्त वाक्यं मिळतील.

आणखी एक. मिस्त्र्यांकडे या प्रकाराची चौकशी करू नका. केलीत तर ते सांगतील की साडूंच्या खुर्चीचा पाय ढिला करायला मीच सांगितलं होतं. सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू? पडतील, फजिती होईल, असा माझा बेत होता. पण यांनी त्या खुर्चीचा पक्का पाय माझ्या खुर्चीला लावला आणि माझा कच्चा तिकडे! म्हणे, चांगला पाय वाया कशाला घालवायचा? हे तुमच्या बहिणीला कळता कामा नये.

दादा, मी लिहितेय. यांनी हे पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मिस्त्री जाताना आमच्याकडे चहाला थांबले होते, तेव्हाच मला सगळं सांगून गेले. धाकटीचा नवरा पडला ते मी पाहिलंच नाही रे. यांनी बजावलं होतं, 'माझ्यावर नजर ठेव', म्हणून यांच्यावरच ठेवली होती. ती खुर्ची मोडावी म्हणून हे तीन तीनदा आपटले आणि मग तोंड एवढंसं करून तिथेच बसून राहिले, ते आठवलं की माझ्या हातातली सुरी थांबते. यांना मात्र सांगू नकोस. कळलं तर पुढच्या प्रयोगात मुद्दाम करतील.