माझ्या लेट्यूसला ठिपका लागत नाही

४ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा (जवळजवळ)
आजपासून रोजनिशी. रोज. खंड पडणार नाही.
काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं: मार्चअखेरपर्यंत ठिपका रोगाला दाद न देणारं लेट्यूस दाखवा, नाहीतर ग्रीनहाऊस टोमॅटोवाल्याला आणि तुम्ही बियाण्यांच्या गोदामात. ठिपका म्हणजे बॅक्टेरियाचं काम. ओल्या पानावर आधी पाणचट डाग, मग काळा, मग सगळा गड्डा कचऱ्यात. मी हसून म्हटलं, दाखवतो. साहेब हसले नाहीत.
ग्रीनहाऊसमध्ये माझा जीव आहे. टोमॅटोचे वाण काढणारा हा सहकारी तिथे बाहेरच्या चपला घालून फिरतो.

१२ फेब्रुवारी
मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज काही घडत नाही, याला विज्ञान म्हणतात.
रानटी, कडू लेट्यूसशी संकर करून आलेली पोरं झकास आहेत. त्यातला एक वाण तर दृष्ट लागावी असा: गोल, कुरकुरीत, शिस्तीचा. नाव ठेवलं पठ्ठ्या. ट्रे भरून रोपं आहेत त्याची. दुसरा एक रानटी आजोळावर गेलाय. वाकडी पानं, काटेरी कडा, चव खोकल्याच्या औषधासारखी. त्याचं एकच रोप उगवलं, तेही नाइलाजाने. नाव वाकडा.

१९ फेब्रुवारी
फवारणी. बॅक्टेरिया शेजारच्या लॅबमधल्या बाई वाढवतात. सगळे त्यांना जंतूताई म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांनी जंतूंची बाटली दिली आणि वर फुकटचा सल्ला: बाजारातलं साधं लेट्यूसही शेजारी ठेवा. त्याला ठिपका हमखास लागतो. ते आजारी पडलं तरच कळेल की जंतू जिवंत होते. मी मान डोलावली आणि ठेवलं नाही. माझ्या हुशार पोरांच्या वर्गात नापास कशाला बसवायचे?
स्वच्छतेत मात्र माझा हात कुणी धरणार नाही. पंप ब्लीचने धुतला. थोडं ब्लीच तळाशी राहू दिलं. जंतू फवारायच्या पंपात भलते जंतू नकोत.

२ मार्च
एक ठिपका नाही! पठ्ठ्यावर नाही, इतरांवर नाही, अगदी वाकड्यावरही नाही. इतकं यश मलाही अपेक्षित नव्हतं. म्हणजे होतं, पण इतकं नाही.
जंतूताईंनी विचारलं, साधं लेट्यूस किती आजारी पडलं? म्हटलं, ते विचारूच नका. खोटं बोललो नाही.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, सगळ्यांनाच शंभर मार्क पडले म्हणजे पेपर फुटला असणार. हिला विज्ञानातलं काही कळत नाही.

५ मार्च
साहेब बघायला येणार, म्हणून साफसफाई. फक्त पठ्ठ्या ठेवला. वाकड्याला बाहेरचा रस्ता, त्याची उरलेली बीही केरात. निवड करायची तर मन घट्ट लागतं.
सासरे सध्या आमच्याकडे आहेत. डबा द्यायला आले आणि वाकडा कुंडीत घालून घरी घेऊन गेले. कडू पाला आवडतो म्हणे. त्यांची आवडनिवड विचित्रच आहे. मुलीसाठी मला पसंत केलं तेवढं सोडून.

१० मार्च
साहेबांसमोर परीक्षा. जंतूताई स्वतःचा पंप घेऊन आल्या. मी म्हटलं, द्या, ब्लीचने धुऊन देतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मागच्या वेळीही धुतला होता का, विचारलं. म्हटलं, अर्थात. त्यावर त्यांनी आपला पंप माझ्या हाताला लागू दिला नाही, फवारणी स्वतःच केली. आदर असावा.
संध्याकाळी सत्काराचं भाषण लिहायला घेतलं. वाणाला माझं नाव द्यावं की मोठ्या मनाने साहेबांचं?

१८ मार्च
ठिपके.

१९ मार्च
हवा दमट. काच जुनी. ताईंनी जंतूंना काय खायला घालून माजवलंय कोण जाणे. भाषण ठेवून दिलंय, फाडलेलं नाही.
टोमॅटोवाला फीत घेऊन ग्रीनहाऊसचं माप घेऊन गेला. चपला घालून. तो गेल्यावर मी बादलीवर बसून रडलो.

२१ मार्च
पठ्ठ्याची रोपं घरी आणली. घरच्या हवेत सावरतील. स्वयंपाकघराच्या खिडकीत जागा कमी, म्हणून वाकड्याच्या कुंडीला खेटून लावली. सगळ्यांना वरून झारीने भरपूर पाणी. ही म्हणाली, रोग्यांना सुदृढ माणसाच्या अंथरुणात कोण घालतं? दुर्लक्ष केलं.

२९ मार्च
पठ्ठे काळे पडून बसले. वाकडा मात्र उगाच टवटवीत. बिनकामाच्यांची तब्येत नेहमीच चांगली असते. सासऱ्यांनी अजून त्याचं पान तोडलं नाही. भरू दे म्हणतात.

३१ मार्च, दुपारी
ग्रीनहाऊसची किल्ली ठेवून घरी आलो. हिने न विचारता पुढ्यात सँडविच ठेवलं. माया आहे तिची. घास जरा कडू लागला, पण आजचा दिवसच तसा, तक्रार केली नाही.
तेवढ्यात जंतूताईंचा फोन. साहेबांशी भांडून त्यांनी माझ्यासाठी एका हंगामाची मुदत मिळवली होती. अट एकच. आजारी रोपांना खेटून राहूनही ठिपका न लागलेलं रोप हवं. एकसुद्धा चालेल, त्याची बी धरू. आहे का असं काही?
मी खिडकीकडे पाहिलं. कुंडीत नुसती माती. हिला खुणेनेच विचारलं.
"तुमच्या त्या सडक्या पाल्याची किळस आली होती. अख्ख्या खिडकीत डाग नसलेला तेवढा एकच होता, म्हणून मुळासकट काढला आणि धुऊन चिरला."
सासरे दुसरं सँडविच संपवत होते. म्हणाले, जावईबापू, तुमच्या हातची पहिली चांगली भाजी.
फोनवर ताई अजून विचारत होत्या, आहे का.
मी तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, होतं.