अण्णा, शेवटच्या स्क्रीनबद्दल

अण्णा,

परवा मी ऑफिसात नाही म्हणाले, आणि शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिले. तुम्ही असता तर विचारलं असतंत, आवाज चढवलास का ते राहू दे, कारण काय दिलंस ते सांग. आवाज चढवला नाही. पण कारण सांगायला मला स्वल्प मागं जावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी वर्तमानपत्रातच होते, तुम्ही दिलेल्या खुर्चीवर बसून बातमीशेजारचे नकाशे आणि आलेख काढत होते. आता मी जे करते त्याला घरच्या भाषेत काय म्हणावं ते मला अजून धड ठरवता आलेलं नाही. लोकांच्या फोनवर जे दिसतं ते. कुठलं बटण कुठं असावं, ते दाबल्यावर पुढं काय यावं, तिथं कोणते शब्द असावेत. कोरमंगलात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची टीम बसते. मला मूल असतं तर ते या सगळ्यांच्या वयाचं असतं. आधी मला मॅम म्हणायचे, आता अक्का म्हणतात.

तुम्ही मला कामाला कसं नेलंत ते इथं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. चामराजपेटेत तुमचं घर आमच्या समोर. माझ्या नणंदेचं डोहाळजेवण होतं आणि निपाणीहून येणारी म्हातारी मंडळी दर वेळी मार्केटपाशी उतरून चुकायची. त्यांना कन्नड पाट्या वाचता येत नव्हत्या. म्हणून मी आमंत्रणाच्या मागं नकाशा काढला होता, रस्त्यांच्या नावांशिवाय. फुलांची दुकानं, पिठाची गिरणी, सायकलवाला, हिरवं फाटक. तुमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे अक्कांना, आमंत्रण द्यायला आले तर कागद तुमच्या हातात गेला. तुम्ही चष्मा वर केलात.

"हा कुणी काढला?"

"मी."

"देऊळ का नाही दाखवलंस? एवढं मोठं आहे."

"त्या रस्त्यावर बरीच देवळं आहेत अण्णा. पहिलं दिसलं की तिथंच वळतील."

तुम्ही अक्कांकडं बघितलंत आणि मला म्हणालात, "सरी, बरं. उद्या पेपरच्या ऑफिसला ये. नवऱ्याला विचार आधी."

"विचारायचं काय त्यात, सांगते."

अक्का स्वयंपाकघरातून हसल्या होत्या. "घ्या. तुम्हाला तुमच्यासारखीच मिळाली." ह्यांना सांगितलं तेव्हा हे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आले होते. म्हणाले, जा, पण पेपर घरी फुकट आण. तेवढीच अट. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, त्यापुढचं सगळं वाचून केलेलं. पुड्या बांधून आलेले कागदसुद्धा मी सोडत नसे, आणि तुमच्या कपाटातली पुस्तकं तर तुम्ही मला न विचारता नेऊ दिलीत. परत आणलेल्या पुस्तकात काय पटलं नाही ते मात्र तुम्ही विचारायचात, काय आवडलं ते कधी नाही.

एक दुपार मला आजही समोर दिसते. होसूर रस्त्यावर बस आणि ट्रकची टक्कर झालेली आहे, बातमी पहिल्या पानावर जाणार आहे आणि नकाशा माझ्याकडं आला आहे. मी रस्ता काढते, बस काढते, ट्रक काढते, आणि दोन्ही जिथं भिडले तिथं लाल-पिवळी टोकदार चांदणी काढते. सगळ्या पेपरांत अशीच चांदणी असायची. तुम्ही चहाचा ग्लास घेऊन माझ्यामागं उभे आहात.

"हे काय आहे?"

"टक्कर."

"दिवाळी आहे काय आज?"

शेजारच्या टेबलावरचे हसतात. माझे कान तापतात. तुम्ही हसत नाही. "ज्याचं माणूस त्या बसमध्ये होतं, तोही उद्या हे पान उघडणार. त्याला तू फटाका दाखवणार?"

"मग कळणार कसं, कुठं झालं ते?"

"एक ठिपका पुरे. बस कुठून येत होती ते सांग. जखमी कुठल्या हॉस्पिटलात आहेत ते सांग. आणि आता रस्ता कुठून चालू आहे ते सांग, लोकांना जायचं असेल ना तिकडं. दुःख त्यांचं आहे, ते त्यांना करू दे. तू रस्ता दाखव."

मी चांदणी पुसली. दुसऱ्या दिवशी सगळे पेपर पसरून बघितले तर आमचाच नकाशा फिका वाटला. खरं सांगते, कित्येक वर्षं फिकाच वाटत राहिला. तुमचं म्हणणं मी ऐकलं होतं, पटलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर आपलं नकाशांचं टेबल हळूहळू लहान होत गेलं. आधी रविवारचं पान गेलं, मग दोन माणसं गेली, मग तयार नकाशे बाहेरून येऊ लागले. शेवटी मी एकटी होते आणि माझ्याकडं पावसाचा रोजचा आलेख होता. आता माझीही पाळी आली हे साहेबांनी बोलावण्याआधीच मला कळलं होतं. घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, आता फोनवरचं काम शिकते. हे म्हणाले, शीक की. वय झालं वगैरे त्यांच्या तोंडातून कधी आलं नाही. मी फुकटचे धडे बघायचे, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तकं आणायचे, इंग्रजी शब्द अडला की कोशात बघायचे. सरावासाठी खोटी ॲप काढायचे आणि ह्यांच्या हातात द्यायचे. ह्यांची बोटं जाड, लेथवर काम केलेली. बटण लहान झालं की म्हणायचे, "हे मुंगीसाठी केलंस काय?" म्हणून माझी बटणं आजही टीममध्ये सगळ्यांत मोठी असतात. नोकरी लागली ती आपल्याच टेबलावरच्या एका मुलीमुळं, ती आधीच या कंपनीत गेली होती. ह्यांनी माझा पहिला दिवस बघितला. दुसरं वर्ष नाही बघितलं. सकाळी चहा पिऊन डबा भरेपर्यंत बसले होते, आणि मी डबा घेऊन आले तर बसलेच होते.

आता कारण. आमचं ॲप विम्याचं आहे. माणूस गेलं की घरच्यांनी त्यावर कळवायचं, कागदांचे फोटो पाठवायचे, की पुढचं काम सुरू होतं. ते पूर्ण काम या वर्षी माझ्याकडं आलं. मी मागून घेतलं म्हणा. सगळे स्क्रीन झाले, आणि शेवटी मी स्वतः सुरुवातीपासून भरून बघितलं. मृत्यूचा दाखला जोडला, शेवटचं बटण दाबलं. तर स्क्रीनवर वरून रंगीत कागदाचे तुकडे पडायला लागले आणि मोठ्या अक्षरात आलं, अभिनंदन!

कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. आमच्याकडं एक गोष्ट एकदाच बनवायची आणि सगळीकडं तीच लावायची अशी रीत आहे. ती चांगली रीत आहे, मीही तिच्याच बाजूची. पॉलिसी घेतली की अभिनंदन, हप्ता भरला की अभिनंदन, तोच तुकडा इथंही येऊन बसला. आमचा टीम लीड पुण्याचा आहे, हुशार आणि मनानं सरळ. त्याला दाखवलं तर त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "अक्का, आय गेट इट. पण रिलीज शुक्रवारी आहे. नवीन स्क्रीन म्हणजे टेस्टिंग, पाच भाषा, सगळंच आलं. पुढच्या रिलीजमध्ये नक्की करू."

"मग तोपर्यंत कुणी मरायचं नाही असं कळवू या का लोकांना?"

दोघं-तिघं हसले, आणि मग हसायचे थांबले. तो म्हणाला, "असं नाही ना अक्का." मी म्हणाले, माझ्या सहीशिवाय हे जाणार नाही आणि सही मी करणार नाही. माझा करार पुढच्या महिन्यात संपतो आणि तो वाढवायचा की नाही हे त्याच्याच हातात आहे. त्यालाही ते आठवलं असणार, मला तर आठवलंच. घरभाडं आता माझ्या एकटीच्या पगारावर आहे. तरी नाही म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणाले. शेवटी त्यानं टीममधल्या हुबळीच्या मुलीला, कोड लिहिणाऱ्या, माझ्याबरोबर दिलं आणि म्हणाला, दोघींना जमत असेल तर बघा.

मी लगेच बसले. तो फटाका पुसला, रंग पुसले, एक पणती काढली आणि खाली लिहिलं, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मला ते फार शोभून दिसलं. संध्याकाळी बोम्मसंद्र्याला गेले. ह्यांच्याबरोबर कारखान्यात असलेल्या एकाची बायको तिथं राहते. तिचाही नवरा गेला आहे, माझ्या आधी. फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, पणतीवर बोट ठेवून बघितलं काही होतं का, आणि म्हणाली, "हे आम्ही म्हणजे कोण गं?"

"कंपनी."

"कंपनी रडतीय होय? बरं, रडू दे. पण कागद पोचले का माझे? आता कुणी घरी येणार, का मीच जायचं? आणि कुणाला फोन करू, ते कुठं हाय?"

ते कुठंच नव्हतं. एवढं सगळं मी काढलं होतं आणि ते नव्हतं. परतताना बसमध्ये बसून मला तुमचा चहाचा ग्लास दिसत होता. चांदणी पुसून मी तिथंच पणती लावली होती, एवढंच. ह्यांच्या वेळी मी ऑफिसांच्या खिडकी-खिडकीवर उभी राहून विचारलं होतं, आता पुढं काय, आणि प्रत्येक जण आधी वाईट वाटल्याचं सांगायचा. हे सगळं माझ्याच अंगावरून गेलेलं असून मी तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हुबळीच्या मुलीबरोबर सगळं पुन्हा केलं. पणती गेली. आता तिथं चार ओळी आहेत. तुमचे कागद मिळाले. दोन दिवसांत आमचा माणूस फोन करेल, हे त्याचं नाव. तुम्हाला कुठं जावं लागणार नाही. काही विचारायचं असेल तर हा नंबर, माणूसच उचलेल. खाली एक मोठं बटण. लीडनं बघितलं आणि म्हणाला, "प्लेन आहे एकदम." मी म्हणाले, हो, फिका आहे. तो म्हणाला, "पण तो माणूस खरंच फोन करणार ना? नाही तर खोटं पडेल." चांगलं विचारलं त्यानं. मग त्याचीच खटपट सुरू झाली, फोन करणाऱ्यांच्या साहेबाकडं तो स्वतः जाऊन बसला. शुक्रवारचा रिलीज पुढं ढकलला. माझ्या कराराचं अजून कुणी काही बोललेलं नाही. बोलतील तेव्हा बघू. नाही वाढवला तर दुसरीकडं विचारेन, हात चालू आहेत.

हे मी पाठवणार कुठं? अक्काही आता नाहीत, तुमच्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे. पण एक तुम्हाला सांगायलाच हवं. तपासताना प्रत्येक वेळी गेलेल्या माणसाचं नाव पहिल्या स्क्रीनवर भरावं लागतं, खोटं चालतं, पण काही तरी लागतंच. पहिल्या दिवशी मी ह्यांचं नाव लिहायला घेतलं आणि पहिल्या अक्षरापाशी थांबले. मग तुमचं लिहिलं. तेच राहिलं. आता सगळी टीम दिवसातून कितीदा तरी तुमचं नाव टाकते. हुबळीच्या मुलीनं विचारलं, हे कोण? मी म्हणाले, आमच्या पेपरातले अण्णा. राग मानू नका. तुम्ही गेलात हे मला लिहिता येतं, ह्यांचं अजून येत नाही.