एका घासाला एक माणूस

२ मार्च, पहिला रोजा

सहरीचं, म्हणजे रोजाआधीचं पहाटेचं खाणं संपायची वेळ ५.३४. मी ५.१० ला खाऊन, भांडी घासून, हात पुसून मोकळी. बुलबुल साडेपाचला तिसाव्या घासावर!

हिचा रोजा नाही. सर्जनने स्पष्ट सांगितलंय, हृदयाची झडप बदलायची आहे, उपाशी राहायचं नाही, पाण्यावाचून तर मुळीच नाही. आजाऱ्याला सूट आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मीही बजावलं होतं, पहाटे उठायचं नाही. तरी साडेचारला शाल गुंडाळून स्वयंपाकघरात हजर.

"रोजा नाही तर नाही, भाभी. पण ही वेळ माझी आहे. ती कुठला डॉक्टर काढून घेतो बघू!"

बसली. पावाचा एवढासा तुकडा मोडला, डोळे मिटले. "या अल्लाह, लिफ्टवाल्याचा गुडघा बरा कर." मग तो घास चावायचा. चावतच राहायचा. गिळला की पुढचा तुकडा — "इस्त्रीवालीच्या मुलीला नोकरी लागू दे." एका घासाला एक माणूस. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून माझ्या नणंदेची ही तऱ्हा बघतेय. एकसष्ट वर्षांची झाली, तरी घरादाराला अजून बुलबुलच!

"शेवटची पाच मिनिटं! पुरवण्या बांधा!" मी ओरडले. अठ्ठावीस वर्षं शाळेचा परीक्षा विभाग सांभाळला, हे वाक्य जिभेवरून जात नाही.

"तुझा पेपर कोरा, म्हणून तुला घाई," ती म्हणाली.

४ मार्च

कोरा तर कोरा!

हे आजारी होते त्या रमजानमध्ये तीस पहाटा मागितलं मी. दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर डबा, हात वर. एकही पहाट चुकवली नाही. ईदच्या आदल्या दिवशी हे गेले.

सतरा वर्षं झाली. तेव्हापासून नमाज वेळेवर, रोजे पूर्ण. ते माझं काम आहे आणि मी कामचुकार नाही. पण मागणं बंद. त्याला सगळं न सांगता कळतं म्हणतात ना? मग मी कशाला तोंड वाजवू?

कुणी म्हणेल हा गर्व. म्हणू दे.

७ मार्च

मुलाचा फोन. "अम्मी, तूही आता सदुसष्टची. या वर्षी जरा —"

"जरा काय?"

"काही नाही. आत्या कशी आहे?"

शहाणा मुलगा.

११ मार्च

सर्जनकडे. अठराला भरती, तीन दिवस तपासण्या, बावीसला सकाळी नऊला ऑपरेशन. मी विचारलं, धोका किती? कागद सरळ करत बसला. म्हटलं, मी घाबरत नाही, आकडा सांगा. "मॅडम, आकडा नका विचारू. धोका आहे. ऑपरेशन नाही केलं तर जास्त आहे."

आणि ही बया! "डॉक्टरसाहेब, मागच्या खेपेला तुमची आई बाथरूममध्ये पडली होती. आता चालतात का?" त्याने कागद खाली ठेवले. "वॉकर घेऊन चालते, मावशी."

रिक्षात मी म्हटलं, "छाती तुझी फाडणार आहेत, चौकशी त्याच्या आईची!"

"तिचा मुलगा माझी छाती फाडणार, म्हणून तर!"

हसले नाही. रस्त्याकडे तोंड केलं.

१२ मार्च

सर्जनची आई बुलबुलच्या घासांच्या यादीत. चाळिसावी.

१७ मार्च, सोळावा रोजा

भांडलो.

बॅग भरून झाली. मग हिने उशीखालून शाळेची वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची. चाळीस नावं, पुढे एकेक ओळ. "उद्यापासून माझ्या जागी तू वाच. यादी खंडता कामा नये."

"दवाखान्यात वाच की."

"तिथे पहाटे सुया टोचतात, रक्त काढतात. मन लागत नाही. ही वेळ शांत हवी. भाभी, एवढंच कर."

"मी मागत नाही. तुला माहीत आहे का ते."

"माहीत आहे. तू तीस दिवस मागितलंस, मिळालं नाही." मग एकदम आवाज चढला — या बाईचा आवाज चढलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता — "मीपण मागितलं होतं! माझा कोणी नव्हता का तो?"

मी गॅस पुसत राहिले. स्वच्छ होता, तरी पुसला.

वही ओट्यावर ठेवून ती झोपायला गेली.

१८ मार्च

पहाटे एकटी. घड्याळाचा काटा इतका वाजतो हे माहीत नव्हतं.

खाऊन घेतलं, उभ्यानेच. मग वही उघडली. आधीच सांगून टाकलं, हे बुलबुलकडून आहे, मी नुसती निरोप पोचवणारी. मग हजेरी घेतल्यासारखी वाचली. लिफ्टवाला. इस्त्रीवालीची मुलगी. तळमजल्यावरचा चिडका शेजारी ("त्याला झोप लागू दे"). बेकरीत पाव कापणारा ("बोटं शाबूत राहोत").

सहा मिनिटांत चाळीस. वेळेआधी पेपर हातात!

दहाला तिला भरती केलं.

१९ मार्च

चौदावी ओळ काल घाईत लक्षात आली नव्हती. "भाभी. एकदा तरी तोंड उघडू दे तिला."

चोरटी! माझ्याच तोंडून माझंच गाऱ्हाणं वदवून घेते. तेरानंतर सरळ पंधरा वाचला.

२० मार्च

आज बसून खाल्लं. पाय दुखत होते म्हणून, दुसरं काही नाही.

बसलेच होते तर तिची पद्धत करून पाहिली. एक तुकडा, एक माणूस. लिफ्टवाला — गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा याच माणसाने बुलबुलला खुर्चीसकट चार मजले वर आणलं. त्या गुडघ्याने. मी त्याला म्हटलं होतं, भिंतीला खुर्ची घासू नका.

बेकरीवाल्याच्या डाव्या हाताचं एक बोट आधीच अर्धं आहे. इतकी वर्षं त्याच्या हातून पाव घेतला, पाहिलं नव्हतं.

अंडं गार झालं. गारच खाल्लं. आठ जणांपर्यंत पोचले तेवढ्यात वेळ संपत आली, उरलेल्यांना घाईने उरकलं. चौदावी गाळूनच!

आणि मग ध्यानात आलं. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, पुठ्ठ्याच्या आतली बाजूसुद्धा पाहिली. बुलबुलचं नाव कुठेच नाही.

२१ मार्च

दवाखाना, भेटीची वेळ. हाताला सलाईन, तरी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी गप्पा चालू. नवीन गिऱ्हाईक.

"वहीत तुझं नाव नाही."

"माझं मी कशाला लिहू? आपल्यासाठी दुसऱ्याने मागायचं असतं. माझ्यासाठी भाईजान मागायचा. पहिला घास माझ्या नावाचा, नेहमी."

हे मला माहीत नव्हतं. याच माणसाशेजारी बसून चोवीस वर्षं सहरी केली मी. घड्याळ बघत.

"आणि तो गेल्यावर?"

"गेल्यावर काय, कोणी नाही." चादर सारखी केली. "चाललंय की. सतरा वर्षं चाललंच ना!"

"हे असं कुठे लिहिलंय, स्वतःसाठी मागू नये म्हणून?"

"कुठेच नाही. मला आवडतं." मग हसली. "तुझ्यावर जबरदस्ती नाही, भाभी. तू फक्त वेळेवर खा. उद्या दिवसभर बाहेर बाकावर बसायचंय तुला."

नर्सने वेळ संपल्याची घंटा वाजवली. मी उठले. डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, तिची उशी सरळ केली.

आता घरी आहे. लिहून ठेवते, म्हणजे पहाटे पाय डळमळायचा नाही. सतरा वर्षं पाळलेली गोष्ट एका ऑपरेशनपायी मोडायची नाही. तेव्हा तीस दिवस दार ठोठावलं, कुणी उघडलं नाही. त्या दाराशी मी पुन्हा उभी राहणार नाही. तिची यादी वाचीन. निरोप पोचवीन. बस!

ताट झाकून ठेवलंय. दोन अंडी, पाव, दूध, तीन खजूर. सहरी ५.१६ पर्यंत. गजर चारचा लावलाय.

२२ मार्च, एकविसावा रोजा

अजान झाली. ताट झाकलेलं तसंच. पाण्याचा घोटसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा सहरी चुकली. रोजा तसाच धरलाय.

सव्वाचारला बसले होते. वही उघडलीच नाही. लिफ्टवाल्याने आजचा दिवस सांभाळून घ्यावं.

एकच नाव होतं. वेळ पुरली नाही.