ज्यूसचं मशीन मी निवडलं त्याची हकीकत

आणि भांड्यांच्या दुकानातली नोकरी मी सोडली नव्हती, हे तुला आता कितव्यांदा सांगू ताई? ते दुकानच बंद पडलं. बंद दुकानात जाऊन मी एकट्यानं कढया पुसत बसायला हवं होतं का? त्याच्या आधीचं गोदाम म्हणशील, तर तिथे दिवसभर स्टुलावर बसून आत येणारी खोकी बघायचं काम होतं. खोकी यायची, मी बघायचो. माणसानं बघून बघून किती बघावं? तरी तू लिहितेस की माझ्या पायाला भिंगरी आहे, आणि भाऊजी त्याच्या खाली दुसऱ्या पेनानं लिहितात, "दोन्ही पायांना." (दिसलं मला, त्यांना सांग.)

असो. भांडणाच्या भरात नमस्कार राहिला, तो इथे घे. भाऊजींनाही दे, दुसऱ्या पेनासकट. तुझी कंबर कशी आहे? लांब दांड्याचा झाडू घे असं मी मागे लिहिलं होतं आणि तू घेतला नाहीस हे मला इथे बसून माहीत आहे, तू ऐकतेस कुणाचं! आई जेवते ना वेळेवर? माझी तब्येत झकास आहे. फोटोत मी पिवळा दिसलो तर घाबरू नका, ती कावीळ नाही, ते गाजर आहे. ते माझ्या पोटात का गेलं हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलोय. (बसलोय म्हणजे उभाच आहे, फळांच्या पेटीवर कागद ठेवून.)

तर आमचं ज्यूसचं दुकान बसथांब्यासमोर आहे, हे तुला ठाऊक आहे. मी मागच्या खोलीत फळं सोलतो, हेही ठाऊक आहे. जुनं मशीन सुरू झालं की शेजारचा चष्मेवाला डोळे तपासायचं थांबवायचा, कारण समोरच्या माणसानं वाचलेलं अक्षर त्याला ऐकूच यायचं नाही. त्यात मोटर तापून जळका वास यायला लागला आणि एका बाईंनी विचारलं की सफरचंद भाजून घालता का. तेव्हा मालकांनी ठरवलं की नवं मशीन घ्यायचं. पण त्यांचा एक स्वभाव आहे, त्यांना ठरवता येत नाही. पंखा घ्यायचा ठरला तेव्हा उन्हाळा संपला. म्हणून ते मला म्हणाले, "तू नाहीतरी सारखा येरझारा घालत असतोस, जरा कामाच्या घाल. मशीन तू निवड. चांगलं निघालं तर पुढचं काउंटर तुझं. वाईट निघालं तर मागचीही खोली तुझी नाही."

ताई, खरं सांगतो, मला ते काउंटर पाहिजे होतं. पगार थोडा वाढतो ते आहेच, पण काउंटरवरच्या माणसाला लोक ओळखतात. मागे सोलणाऱ्याला फक्त संत्री ओळखतात. आणि पुढच्या पत्रात तुझ्या त्या भिंगरीला मला उत्तर द्यायचं होतं.

मग एकेक विक्रेता मशीन घेऊन दुकानात यायला लागला. पहिल्याचं मशीन इतकं जोरात फिरायचं की टेबलच चालायला लागलं. गाजर टाकायचा अवकाश, ग्लास तयार. पण ग्लासात अर्धा फेसच, आणि फेस बसला की वर पाणी, खाली गाळ. विक्रेता म्हणाला, "ढवळून प्यायचं." मालकांची परीक्षा मात्र वेगळीच आहे, ते रस चाखतच नाहीत. मशीनमधून पडलेला चोथा मुठीत घेतात आणि डोळे मिटून पिळतात. बोटांतून थेंब आला की विक्रेता गेला. याच्या चोथ्यातून आणखी अर्धा ग्लास निघाला. मालकांनी तो त्यालाच प्यायला दिला, "घ्या, तुमच्या मशीनला दिसला नाही."

दुसरं मशीन नुसतं बघत बसावं असं. वर टोपलीत संत्री ठेवायची, ती आपोआप खाली येतात, कापली जातात, पिळली जातात, साल दोन्हीकडे पडते. पण त्याला सगळी संत्री एका मापाची लागतात. आमची संत्री म्हणजे एकाच घरातली पोरं, एक आडवं वाढलेलं, एक अजून वाढायचंय. मोठं संत्रं अडकलं आणि छोटं तसंच सालीसकट सुटून विक्रेत्याच्या बुटावर आलं. शिवाय त्यात गाजर चालत नाही, आलं चालत नाही. "मग अननस?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी मशीनमध्ये चप्पल घालायला निघालो होतो.

तिसरं मशीन सावकाश दाबून रस काढणारं. आत एक जाड स्क्रू हळूहळू फिरतो, फळ चिरडत नेतो. फेस नाही, आल्याचे दोरे अडकत नाहीत, जाळी ब्रशनं दोनदा घासली की स्वच्छ. या सगळ्या चाचण्यांचा रस कुणीतरी प्यायलाच पाहिजे, मालक तर पीत नाहीत, म्हणून तो मी प्यायलो (गाजराचं आता कळलं असेल). आणि चोथा! मालकांनी पिळला, परत पिळला, दात-ओठ खाऊन पिळला, हातात कोरडा भुसा. आवाज तर एवढाच, जसे भाऊजी जेवून झोपल्यावर घोरतात, तेही कुशीवर असताना. मी म्हटलं, हेच घ्या. मालकांनी घेतलं. चष्मेवाल्यानं येऊन माझा हात हातात घेतला.

आणि ताई, त्याच दिवसापासून गिऱ्हाईक कमी झालं. मला काही समजेना. रस चांगला, ग्लास तेवढाच, भाव तोच. शेवटी आमचे रोजचे पेन्शनवाले काका ग्लास उजेडाकडे धरून म्हणाले, "सकाळचा काढून ठेवलेला देतोस का रे?" मी म्हटलं, "काका, आत्ता काढला." "आत्ता काढला तर आवाज कुठाय?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवं मशीन आम्ही जुन्याच जागी ठेवलं होतं, आत, पडद्यामागे. लोकांना रस काढलेला कधी दिसतच नव्हता. ते इतकी वर्षं कानानं ताजा रस पीत होते!

मालक आत येऊन फक्त एवढंच म्हणाले, "मशीनचा शेवटचा हप्ता जाईपर्यंत तरी तू राहशील असं वाटलं होतं." मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला कधी जमलंय? मी जुनं मशीन माळ्यावरून काढलं, नव्याच्या शेजारी ठेवलं, आणि कुणी ग्लास मागितला की इकडे नव्यात फळ घालायचो आणि तिकडे जुनं रिकामंच सुरू करायचो. टेबल हादरलं, पडदा हलला, गिऱ्हाईक खूश! चष्मेवाल्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. धंदा परत उभा राहिला, मालक गल्ल्याकडे बघून गुणगुणायला लागले, आणि मी मनातल्या मनात काउंटरवर उभाही राहिलो.

तेवढ्यात पेन्शनवाल्या काकांची काठी निसटून पडद्याच्या आत आली. ती घ्यायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग ओरडले, "अहो, हे रिकामंच गरगरतंय! आवाज एकीकडे, रस दुसरीकडे! काय रे, कुठला रस पाजतोस आम्हाला?" बसथांब्यावरची माणसं आली, ज्यांची बस आली होती तीही आली. एक जण म्हणाला पावडर कालवतात, दुसरा म्हणाला त्याला पहिल्यापासून संशय होता. (तो पहिल्यांदाच आला होता.) मालक माझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात माझं सामान बांधून झालं होतं.

तेव्हा मी काय केलं, विचार करून केलं असं म्हणणार नाही. पडदा ओढून काढला, नवं मशीन दोन्ही हातांनी उचललं (माझ्या कमरेची आता चौकशी कर) आणि आणून ठेवलं थेट काउंटरवर, सगळ्यांच्या नाकासमोर. काकांना म्हटलं, "गाजर तुम्ही निवडा. घाला तुमच्या हातानं." त्यांनी घातलं. मशीन आपलं सावकाश. गाजर इंच इंच आत चाललंय, खाली लाल धार लागलीय, बाजूनं कोरडा चोथा पडतोय, आणि एवढी माणसं माना वाकवून त्या गाजराकडे बघतायत. काकांनी घोट घेतला आणि म्हणाले, "बीट पण घाल." झालं! पावडरवालाही रांगेत. एका बाईंची बघता बघता बस गेली, त्यांनी दुसरा ग्लास घेतला.

तर आता पुढचं काउंटर माझं. सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत मी एका जागी उभा असतो, एका फरशीवर, हे भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला हे जमलं असतं का, ते आता तूच ठरव.

आईला नमस्कार, तुम्हा दोघांना पुन्हा एकदा, आणि झाडू घे.

तुझा धाकटा,
काउंटरवरचा

ता. क. एक गोष्ट राहिली. हे मशीन फार सावकाश आहे. ग्लास भरेपर्यंत गिऱ्हाईक समोर उभं, मी समोर उभा. मग ते विचारतात, घरी कोण कोण? मी सांगतो, आई आहे, ताई आहे, भाऊजी आहेत. ग्लास भरलेला नसतो. मग ते विचारतात, किती दिवसांत गेला नाहीस? मागच्या खोलीत हे कुणी विचारत नव्हतं. संत्री तर कधीच नाही.

दुसरा ता. क. मालक सुट्टी देत नाहीत. म्हणतात, मशीन खोलून परत लावणं तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. म्हणून तू दुकानाच्या फोनवर फोन कर. कुणी आजारी आहे असं सांगू नको, आईला नाही आवडायचं. पायऱ्या बांधायच्यात, भाऊजींच्या हाताखाली माणूस हवा, असं म्हण. आठ दिवस पुरे. आवाज जरा कडक ठेव, माझ्याशी ठेवतेस तसा.

तिसरा ता. क. या खेपेला घरखर्चाचे पैसे कमी आहेत म्हणून रागावू नको. तू फोन करशीलच, या भरवशावर मी काल तिकीट काढलं. परतीचंही काढलंय, हे भाऊजींना दाखव. ते वजा जाता पाठवतोय दोनशे चाळीस.